देवघरात कुत्री

देवदिवाळी बघायला काशीत यायचं ज्यांच्या मनात असेल त्यांनी खुशाल यावं, पण आमच्या छतावर येऊ नये. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर आहे आणि छतावरून पंचगंगा घाटापासून पार पुढपर्यंतचे दिवे दिसतात, हे आमच्या भाऊजींनी महाराष्ट्रातल्या निम्म्या तालुक्यांना सांगून ठेवलेलं आहे. दर कार्तिकी पौर्णिमेला यात्रेकरू येतात, चपला जिन्यात टाकतात, चहा पितात, आणि आकाशात काही फुटलं की 'वा वा' म्हणतात. मला त्यांचा राग येतो. वय झालं की राग कमी होतो असं सांगणाऱ्या लोकांच्या छतावर कुणी येत नसावं.

मी मूळची साताऱ्याकडची. बँकेत नोकरी लागली, बदली होऊन बनारसला आले आणि त्याच शाखेत काम करणाऱ्या एका मराठी माणसाशी लग्न करून इथलीच झाले. सासरचं घर यात्रेकरूंचं तीर्थकार्य करणाऱ्या पुरोहितांचं. थोरले दीर तो वारसा चालवायचे, आमचे हे बँकेत सह्या करायचे. घरात मराठी बोलायचे, पण 'तबियत', 'फुरसत', 'परेशान' असे शब्द पेरून. ते मला लवकर जमलं. भाऊजी जमले नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, असा त्यांचा नेम. काही सांगायचं असलं की ते माझ्या नवऱ्याला सांगत, तो नसला तर जाऊबाईंना, आणि त्याही नसल्या तर तुळशीवृंदावनाकडे बघून बोलत. मी तुळशीच्या बाजूला उभं राहून ऐकायचं.

जाऊबाईंशीही माझं फारसं पटलं नाही. त्या इथेच जन्मलेल्या, इथेच दिलेल्या. सकाळी उठल्यापासून सोवळ्यात, म्हणजे आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, कुणाला न शिवता स्वयंपाक. मी बँकेतून येऊन चुकून त्यांच्या पदराला लागले की त्या काही बोलायच्या नाहीत. सरळ बादली घेऊन पुन्हा आंघोळीला जायच्या. त्या बादलीचा आवाज मला शिवीसारखा लागायचा.

कुत्री आली ती या घरात. पावसाळ्यात आमच्या ह्यांच्या स्कूटरच्या सीटखाली अंग चोरून बसलेलं पिल्लू होतं. तिला नाव होतं, पण इथे माणसांची नावं लिहीत नाही तर तिचंही कशाला लिहू. भाऊजींनी तुळशीला अटी सांगितल्या. कुत्री अंगणात राहील, जिन्याखाली झोपेल, स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणार नाही, आणि देवघराकडे तर बघणारही नाही. कुत्रीने त्या अटी माझ्यापेक्षा चांगल्या पाळल्या.

फक्त एक गोष्ट तिला पाळता आली नाही. तिला फटाके सहन होत नसत.

मी लग्न होऊन आले तेव्हा कार्तिकी पौर्णिमा म्हणजे दिवे होते. पंचगंगेवरचा दगडी दीपस्तंभ पेटायचा, बायका द्रोणात दिवे सोडायच्या. घरात देवापुढे त्रिपुराची वात लागायची, आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला लावतात तीच, जाड, तुपात बुडवलेली. मग हळूहळू उत्सव मोठा झाला. घाटाघाटावर कमिट्या निघाल्या, मग लाउडस्पीकर आले, मग नदीपलीकडच्या रेतीवर दारूकाम सुरू झालं. पलीकडे उडालेला बार नदीवरून येतो, आपल्या दगडी घाटांवर आपटतो आणि मागे फिरतो. त्यामुळे एक बार दोनदा ऐकू येतो. माणसाला पहिला आवाज झाला की दुसरा कळतो. कुत्रीला दोन्ही नवेच.

पहिल्या आवाजाला तिचे कान मागे जायचे. मग ती जांभया द्यायला लागायची, झोपेच्या नव्हे, भीतीच्या. मग थरथर, मग लाळ, आणि शेवटी जिन्याखालची जमीन नखांनी खणणं. दगड खणता येत नाही हे तिला दरवर्षी नव्याने समजायचं.

सल्ले देणारे पुष्कळ. शेजारचे मिठाईवाले म्हणाले, "भाभीजी, भांग की गोली खिला दीजिए, मस्त सोएगी." ते स्वतः रोज संध्याकाळी हाच उपाय करत आणि फटाक्यांत मस्त झोपत, त्यामुळे त्यांचा विश्वास दांडगा. जनावरांच्या डॉक्टरांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. एका वर्षी दुसऱ्याच कुणाच्या सांगण्यावरून झोपेचं औषध दिलं, तर तिचे पाय लुळे पडले आणि डोळे मात्र टक्क उघडे राहिले. भीती तेवढीच, फक्त पळता येत नाही. ते डोळे बघून मी ती गोळ्यांची पट्टी गटारात टाकली. कानात कापूस घातला, तो तिने मान झटकून काढला. जिन्याखाली गाद्या लावल्या, रेडिओ मोठ्याने लावला, तिला दुपारीच पोटभर दहीभात घातला. मी शेजारी बसून राहिले की थरथर थोडी कमी व्हायची, एवढं खरं. पण मी शेजारी बसले की छतावर चहा कोण नेणार, हे तुळशीला विचारलं जायचं.

ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या वर्षी कुत्री म्हातारी झालेली होती. दिवाळीच्या रात्री गल्लीतल्या पोरांनी दारातच सुतळी बॉम्ब लावला. ती धडपडत उठली, दोन पावलं गेली आणि आडवी झाली. जीभ निळसर. मी छाती चोळत राहिले, बऱ्याच वेळाने तिने श्वास घेतला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "हृदय थकलेलं आहे. असा धक्का पुन्हा बसला तर उठणार नाही. पौर्णिमेला हिला कुठेतरी शांत जागी ठेवा."

शांत जागी! मी सगळं शहर पालथं घातलं. कँटोन्मेंटकडे बँकेतल्या एकीचं घर होतं, ती हो म्हणाली, पण तिच्या समोरच लग्नाचं लॉन. एकादशीला देव उठले की या शहरात लग्नं सुरू होतात, आणि वरात आली की बँड आणि फटाके. सारनाथकडे एक ओळखीचे होते, त्यांच्या गल्लीत तीच रड. शिवाय पौर्णिमेला दुपारपासून गल्ल्या माणसांनी भरतात, रिक्षा पार लांब अडवतात. म्हातारं जनावर त्या गर्दीतून न्यायचं कसं? शांत जागा देवांनाच मिळते या गावात.

आणि तेच खरं होतं. शांत जागा आमच्या घरातच होती.

आमचं देवघर खालच्या मजल्यावर, घराच्या ऐन मधे. चारी बाजूंनी चुनारी दगडाच्या जाड भिंती, खिडकी नाही, एक बुटकं जाड लाकडी दार. आत गेलं की गल्लीतला लाउडस्पीकरसुद्धा ऐकू येत नाही. मला ते माहीत होतं, कारण गौरीच्या दिवशी सोवळं नेसून आत जायची परवानगी असायची.

मी आमच्या ह्यांना भावाकडे पाठवलं. एका संध्याकाळचा प्रश्न आहे, वात अंगणात तुळशीपाशी लावू, कुत्री आत एका कोपऱ्यात बसेल, नंतर मी स्वतः देवघर धुऊन देईन. हे गेले तसे परत आले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझ्या बायकोची तबियत ठीक आहे ना."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, ठीक आहे."

या माणसाबरोबर मी संसार केला. त्यांना कुत्री माझ्यापेक्षा जास्त प्रिय होती, रात्री उठून तिच्यावर पांघरूण घालायचे. पण थोरल्या भावापुढे त्यांचा आवाज घशातच राहायचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ठरवून टाकलं.

पौर्णिमेला संध्याकाळी भाऊजी पंचगंगेवर स्नानाला गेले. तिथून ते ओलेत्यानेच येत, वाटेत कुणाला न शिवता, आणि थेट देवघरात जाऊन वात लावत. जाऊबाई स्वयंपाकघरात नैवेद्याला. हे छतावर यात्रेकरूंना चहा देत होते. मी जिन्याखालून कुत्रीला उठवलं, पट्ट्याला धरून अंगणातून नेलं आणि देवघराचं दार उघडलं. ती उंबरठ्याशी थांबली. इतक्या वर्षांची शिस्त. मला तिला ढकलावं लागलं. आत देव्हाऱ्याच्या बाजूला माझी गोधडी पसरली, तिला बसवलं आणि मी दारात, उंबरठ्यावर फतकल मारून बसले.

पलीकडे दारूकाम सुरू झालं होतं. अंगणात आवाज दणादणा येत होता. आत कुत्रीने कान मागे केले, एकदा जांभई दिली आणि माझ्याकडे बघत गोधडीवर हनुवटी टेकली. बस्स. मला रडू आलं, पण तेवढी फुरसत नव्हती, कारण भाऊजी आले.

अंगावर ओला पंचा, हातात गंगेचा लोटा, ओठांत स्तोत्र. त्यांनी मला बघितलं, माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि स्तोत्र थांबलं.

"हे काय आहे?" ते तुळशीला म्हणाले.

"कुत्री आहे," मी म्हटलं. "दारूकाम थांबलं की बाहेर काढते."

"आत्ता काढायला सांगा. आत्ता!"

"तुम्ही काढा ना, भाऊजी. आत जा आणि काढा."

ते पुढे आले आणि थांबले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि त्यांच्याही. मी बँकेत नेसायच्या साडीत, ओवळी. मला ओलांडल्याशिवाय आत जाता येत नव्हतं, आणि मला शिवले की स्नान गेलं. कुत्रीला शिवले तर बोलायलाच नको. पुन्हा पंचगंगेपर्यंत जायचं म्हणजे आता घाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती. ज्या सोवळ्याने मला तीस वर्षं त्या खोलीबाहेर ठेवलं, त्यानेच आता भाऊजींना बाहेर ठेवलं होतं. मी मांडी आणखी पसरून बसले. खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली.

भाऊजी थंडीने कुडकुडत ओरडायला लागले. घराण्याचं नाव काढलं, वाडवडिलांचं काढलं, साताऱ्याकडच्या माणसांचं काढलं. मीही ऐकून घेतलं नाही. देवळात भैरवाचं वाहन म्हणून कुत्रं चालतं आणि घरातलं चालत नाही का, असं विचारलं. त्यावर शास्त्रात काहीतरी उत्तर असणार, पण त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

"अगं, इकडे ये! या कुत्रीला ओढून बाहेर काढ. नंतर आंघोळ कर."

जाऊबाई दारात आल्या. हात पिठाचे. पहाटेपासून त्यांच्या किती आंघोळी झाल्या होत्या देव जाणे. त्या दिवशी सकाळी एका यात्रेकरूचं पोर येऊन मिठी मारून गेलं होतं, तेव्हाची एक तर मी बघितलेली. कार्तिकातलं पाणी, बर्फ नुसतं. पण आमच्या घरात हे असंच चालायचं. सोवळं पुरुषांचं सांभाळायचं आणि मोडायचं बायकांचं.

त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "जाऊबाई, तिला हात लावलात तर याद राखा." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. लुगडं सावरलं, मला ओलांडून आत गेल्या. मी मागून त्यांचा पदर धरला, तो हातातून सुटला.

तेवढ्यात एक मोठा बार झाला, छताच्या अगदी वर फुटल्यासारखा. अंगणातली भांडी वाजली. दार उघडं होतं, त्यामुळे तो आतही आला असणार. मी आत बघितलं. जाऊबाई गोधडीवर खाली बसल्या होत्या, गुडघे छातीशी घेऊन, कुत्रीच्या पाठीवर कपाळ टेकून. मला वाटलं त्यांनी तिचे कान झाकलेत. मग नीट बघितलं. त्यांचे हात स्वतःच्याच कानांवर होते. पिठाचे हात, केसांना पीठ लागलेलं. आणि त्या थरथरत होत्या, तशाच, जशी ती थरथरायची.

"अगं, काढ ना तिला!" भाऊजी बाहेरून.

जाऊबाई मान न उचलता मला म्हणाल्या, "दार लाव गं."

"काय?"

"दार लाव. मला पण सहन होत नाही. कलेजा फाटतो माझा. दरवर्षी फाटतो."

मी उठले, दार ओढून घेतलं आणि बाहेरून पाठ टेकून पुन्हा बसले. कुत्रीसाठी मी डॉक्टर गाठले, गाद्या लावल्या, शहर फिरले. आणि पलीकडच्या स्वयंपाकघरात ही बाई दरवर्षी त्या आवाजात उभी राहून पुरणाच्या पोळ्या लाटत होती. कुणी विचारलं नव्हतं. तिच्या नवऱ्याने तर नाहीच, मीही नाही.

स्वयंपाकघरातून जळका वास आला. भाऊजी म्हणाले, "पुरण लागतंय." मी म्हटलं, "मग गॅस बंद करा, तुमचा हात पोचतो." त्यांनी माझ्याकडे थेट बघितलं. मग गेले आणि गॅस बंद केला. कोणता खटका कुठे फिरवायचा हे त्यांना बराच वेळ समजलं नाही, तो आवाज मला ऐकू येत होता. नंतर त्यांनी तुळशीपाशी बसून एकट्याने त्रिपुराची वात लावली. यात्रेकरू खाली आले तेव्हा त्यांनी गंभीरपणे सांगितलं की काशीत ही वात अंगणातच लावण्याची परंपरा आहे. लोकांनी फोटो काढले.

दारूकाम संपल्यावर दार उघडलं. कुत्री झोपली होती, चक्क घोरत होती. जाऊबाई उठल्या, केस झटकले. मला वाटलं काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "तुझी गोधडी उचल. सगळीकडे केस पडलेत." आणि बादली घेऊन आंघोळीला गेल्या.

त्यानंतर आमचं सख्य झालं असं कुणी समजू नये. देवघराची शुद्धी झाली, तिचा खर्च भाऊजींनी महिनाभर तुळशीला ऐकवला. जाऊबाई मला पूर्वीसारखंच टोचून बोलत राहिल्या, मीही त्यांना सोडलं नाही. कुत्री पुढच्या उन्हाळ्यात गेली, दुपारी, थंड फरशीवर झोपेत, कसलाही आवाज नसताना. आमचे हे लहान मुलासारखे रडले. भाऊजींनी तेव्हा मात्र काही अट घातली नाही.

मग पुन्हा कार्तिकी पौर्णिमा आली. यात्रेकरू आले, चपला जिन्यात पडल्या. भाऊजी पंचगंगेवर गेले. मी चहाचा ट्रे घेऊन छताकडे निघाले होते, तर जाऊबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. गॅस बंद केलेला, हात धुतलेले. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि जमिनीकडे बघत राहिल्या. त्या काही मागणाऱ्यातल्या नव्हेत.

मी ट्रे जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि देवघराचं दार उघडलं. त्या आत गेल्या. मी दार लावलं आणि उंबरठ्यावर बसले.

भाऊजी ओलेत्याने आले, मला बघून जागच्या जागी थबकले. या वेळी ते तुळशीशी बोलले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता काय आहे? कुत्री तर गेली."

"जाऊबाई आहेत आत."

"ती? तिला काय झालंय? ती कुठे घाबरते? जन्म गेला तिचा या घाटावर."

मी उठले नाही. पलीकडे रेतीवर पहिला बार उडाला, मग घाटांवर आपटून परत आला. दोन्ही वेळा दार माझ्या पाठीला आतून धडकलं. जाऊबाई दाराला पाठ लावून बसल्या होत्या.